परत आलेला आवाज



लाटंबार्सेच्या स्मृतिव्याख्यानमालेत संतवाङ्मय, मुक्तिलढा, नाट्यसंगीत, फार तर भाषावाद, असे विषय शोभतात. कोकणी पॉप गाण्यांच्या एका कॅसेटवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील, आणि त्यात गैर काही नाही. दोडामार्गाला लागून असलेला हा डिचोलीचा भाग. इथला कान भजनावर, दशावतारावर आणि संगीत नाटकावर तयार झाला. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन हे पलीकडच्या, सासष्टी-बार्देशच्या गोव्याचं वैभव, असं आपण आजवर धरून चाललो. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावरच माझं म्हणणं उभं आहे. कॅसेटचं नाव 'हॅलो लोर्ना', साल 1995, गायिका लोर्ना कॉर्देरो. वीस वर्षांहून अधिक काळ गप्प राहिलेला आवाज त्या वर्षी परत आला. गोव्याने त्याचं स्वागत जोरात केलं, पण ते नक्की कशाचं होतं? उत्तरवयात कलावंत नवं काही घेऊन येतो तेव्हा त्याच्या गाण्याआधी आपण आपली आठवण ऐकत असतो, असं माझं म्हणणं आहे. पुष्कळदा त्या आठवणीच्या आवाजात गाणं बुडून जातं.

आधी 1960 च्या दशकातल्या मुंबईत जाऊ. गोव्याची तेव्हा तिथे दोन घरं होती. एक गिरगावात, दुसरं धोबीतलावाला. मधलं अंतर पायी जाण्याचं. गिरगावच्या बाजूला 1919 पासून गोवा हिंदू असोसिएशन होतं. 1964 साली या संस्थेने वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आणलं, आणि मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपदाची चाल, लांबी आणि पोत असा बदलला की जुन्या रसिकांना आधी दचकायला झालं आणि मग त्याचीच सवय लागली. धोबीतलावच्या बाजूला गावोगावच्या कुडी, म्हणजे त्या त्या गावच्या माणसांच्या उतरण्याच्या जागा. तिथे उतरलेले गोंयकार वादक दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला वाजवत आणि रात्री हॉटेलांतल्या बँडमध्ये. याच मंडळींत मडगावचा ख्रिस पेरी होता. ट्रम्पेटवादक, संगीतकार, संयोजक आणि गीतकारही. जॅझमधली ब्रासची जोड आणि लॅटिन नाचाचे ठेके त्याने कोकणी शब्दांना दिले आणि सगळा ऐवज तीन-चार मिनिटांत बसवला. पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकडीची शिस्तच तशी होती. तिकडे अभिषेकी नाट्यपदाची लांबी छाटत होते, इकडे पेरी नाचाच्या गाण्याची. दोघेही गोव्याचे, दोघेही एकाच शहरात, साधारण एकाच दशकात. या दोघांना एका वाक्यात घेतलेलं मात्र आपल्याकडे क्वचितच सापडतं. मराठी-कोकणी भाषावादाने आपले कानही वाटून घेतले, त्याचा हा एक पुरावा. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

लोर्ना मुंबईचीच. कोवळ्या वयात ती रेमंड अल्बुकर्कच्या बँडबरोबर गाऊ लागली. पुढे पेरीने तिला ऐकलं आणि दोघांची नावं जोडीने घेतली जाऊ लागली. चर्चगेटच्या ॲस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये ती इंग्रजी गाणी गायची. एचएमव्हीच्या तबकड्यांवर ती कोकणीत आली ती 'बेबदो', 'पिसो', 'लिस्बोआ', 'नाचुंया कुंपासार' यांसारखी गाणी घेऊन. तिला एकेरी संबोधतो आहे, ते लताला आपण 'लता' म्हणतो त्याच मायेने. तो आवाज गोड नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. तेव्हा पार्श्वगायनाचा आदर्श होता बारीक, लखलखीत, वरच्या पट्टीतला. लोर्नाचा आवाज छातीतून येणारा, किंचित खरखरीत, व्यंजनांवर जोर देणारा. 'बेबदो'सारख्या शब्दातला प्रत्येक 'ब' तिच्या तोंडून दाराला थाप पडावी तसा येतो. ब्रास मागे वाजत असताना ती त्याच्या सावलीत जात नाही, ट्रम्पेटशी बरोबरीने बोलते. पेरीची संयोजनं याच आवाजाचं माप घेऊन शिवलेली होती. कुठे श्वास घ्यायचा, कुठे ब्रासने थांबून तिला मोकळं रान द्यायचं, सगळं आधी ठरलेलं असावं इतकं ते अंगाबरोबर बसतं.

सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात ही जोडी तुटली आणि लोर्ना गाण्यापासूनच दूर गेली. का गेली, याच्या कथा आपल्याकडे एवढ्या सांगितल्या गेल्या आहेत की गाण्यांपेक्षा कथांचीच पारायणं जास्त झाली असावीत. दोन माणसांच्या आयुष्यातली ती बाजू मी इथे उगाळणार नाही. संगीताच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की त्या काळात गाणी थांबली नाहीत, फक्त गायिका थांबली. पेरीने 1977 साली 'भुयारांतलो मनीस' हा पहिला रंगीत कोकणी चित्रपट काढला. जुन्या तबकड्या घराघरांत फिरत राहिल्या, त्यांच्या कॅसेटी झाल्या, लग्नांत बँडवाले तीच गाणी वाजवू लागले. लोर्ना घरी होती आणि तिचा पंचविशीचा आवाज मात्र रोज कुठल्या ना कुठल्या मांडवात हजर होता. एखाद्या गायिकेला याहून अवघड प्रतिस्पर्धी कोण मिळणार?

1995 साली रॉनी मोन्सोरात याने तिला परत माइकपुढे आणलं. रॉनी कीबोर्डवादक, वाद्यवृंदांत मुरलेल्या घराण्यातला. लोर्ना तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. काळ कॅसेटचा होता. तबकडीला निदान भिंग लावून पाहावी अशी घडण असते, कॅसेट म्हणजे खिशात मावणारी, उन्हात गाडीच्या काचेपाशी राहिली तर वाकडी होणारी, फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची वस्तू. त्या फितीवरून लोर्ना पुन्हा गोव्यात शिरली. नंतर ती रंगमंचावरही आली, मोठ्या गर्दीसमोर गायली. गर्दी खरी होती, प्रेम खरं होतं, यात शंका घ्यायचं कारण नाही.

पण स्वागताचा बारकाईने विचार करा. आज गोव्यात कोणालाही लोर्नाची पाच गाणी सांगायला सांगा. जी नावं येतील ती जवळजवळ सगळी 1970 च्या आगेमागेची असतील. 'हॅलो लोर्ना'तलं गाणं त्या पाचांत बसणं कठीण. मैफलीत फर्माईश होते ती जुन्या गाण्यांची. 2014 साली बार्द्रॉय बार्रेतो यांचा 'नाचुंया कुंपासार' हा चित्रपट तयार झाला. लोर्ना आणि पेरी यांच्या आयुष्यावरून तो सुचला होता. पेरीची वीसेक जुनी गाणी त्यात नव्याने ध्वनिमुद्रित केली होती, आणि 62 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला उत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा मान मिळाला, पालोमी घोषच्या भूमिकेची विशेष दखल घेतली गेली. चित्रपट देखणा आहे, आणि या गाण्यांना त्याने एक नवी पिढी मिळवून दिली हे त्याचं ऋण आहे. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. पुनरागमनानंतर वीस वर्षांनी जे स्मारक उभं राहिलं, ते पुनरागमनापूर्वीच्या गाण्यांचं. 'हॅलो लोर्ना' ही कॅसेट लोकांनी दरवाजासारखी वापरली, आत जाऊन जुन्या घरात फिरून आले. दरवाजाकडे कोण बघतं?

यावर पहिला आक्षेप उघड आहे. नवी गाणी जुन्यांइतकी चांगली नसतील, म्हणून टिकली नसतील. लोकांचा कान एवढा मूर्ख नसतो. आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. पेरीशिवायची लोर्ना म्हणजे ज्या शिंप्याने माप घेतलं होतं तो शिंपीच नाही. नव्या संगीतकारांना दुसऱ्या मापाचे कपडे शिवायचे होते आणि तेही गिऱ्हाईक वीस वर्षांपूर्वीच्या कपड्यांतच शोभतं अशी सगळ्यांची खात्री असताना. तेव्हा काही गाणी उणी असणं शक्य आहे. पण जुन्या तबकड्यांवरची सगळी गाणी तरी 'लिस्बोआ'च्या तोडीची आहेत का? तिथलीही काही आपण पुन्हा पुन्हा ऐकूनच आपलीशी केली. नव्या गाण्यांना तेवढ्या फेऱ्या मिळाल्याच नाहीत. चांगलं की वाईट हे ठरायच्या आधीच फीत उलटून लोक जुन्या बाजूवर गेले. कानाला दोष देण्यापेक्षा कानाला मिळालेल्या संधीचा हिशेब मांडावा, असं मला वाटतं.

आठवण नसली तर म्हातारा आवाज किती सहज ऐकला जातो, याचं उदाहरण त्याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला घडलं. मार्च 1996 मध्ये क्यूबातल्या हवानाच्या एग्रेम स्टुडिओत काही विस्मृतीत गेलेले वादक-गायक एकत्र आले. कॉम्पाय सेगुंदो 88 वर्षांचे, पियानोवादक रुबेन गोन्सालेस 76, गायक इब्राहिम फेरेर 69. अमेरिकन गिटारवादक राय कूडर त्यांच्याबरोबर होता. 1997 साली 'बुएना विस्ता सोशल क्लब' बाहेर आला, जगभर विकला गेला, 1998 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. गाणी जुनीच होती. पण युरोप-अमेरिकेतल्या बहुसंख्य श्रोत्यांनी फेरेरचा तरुण आवाज कधी ऐकलाच नव्हता. तुलनेला काही नाही म्हटल्यावर त्यांनी फेरेरचा थरथरता, सावकाश स्वर जसा आहे तसा ऐकला आणि त्या थरथरीचंच कौतुक केलं. लोर्नाच्या वाट्याला हे भाग्य नव्हतं. तिचे श्रोते तिला तोंडपाठ ओळखत होते, आणि ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुती आधी दिसते.

म्हाताऱ्या आवाजात नेमकं काय बदलतं, हेही एकदा नीट बघायला हवं, नाहीतर आपण 'आवाज उतरला' या दोन शब्दांत सगळं मोडीत काढतो. वरचे स्वर घ्यायला जास्त जोर लागतो. स्वर लांबवताना त्यातलं कंपन रुंदावतं. श्वास पूर्वीइतका पुरत नाही, म्हणून ओळ मध्येच तोडावी लागते. हे झालं वजाबाकीचं. पण खालचा पट्टा घट्ट होतो, शब्दाचा पहिला अक्षरध्वनी वजनदार होतो, आणि ओळ कुठे तोडायची याचा निर्णय आता श्वास आणि अर्थ मिळून घेतात. छातीतून गाणाऱ्या गायिकेला हे बदल फार सोसतात. लोर्नासारख्या आवाजाच्या बाबतीत तर मुळातच गोडवा पणाला लागलेला नव्हता. पन्नाशीतला आवाज ऐकून 'ती राहिली नाही' असं म्हणणाऱ्याला 'ती' नेमकी कोण होती हे आठवतच नसावं. तरुण लोर्नाही खरखरीतच होती की.

दुसरा आक्षेप भजनी आणि शास्त्रीय कानाकडून येतो. तो असा की ही सगळी पॉपची दुखणी आहेत, आपल्याकडे वय हा गुण मानला जातो. मल्लिकार्जुन मन्सूर सत्तरी ओलांडल्यावर अधिक मोठे वाटू लागले, भीमसेन जोशींच्या शेवटच्या वर्षांतल्या मैफलींनाही लोक जात राहिले. खरं आहे. पण आपणही सगळ्यांना हा नियम लावत नाही. रागाला वय चालतं, गाण्याला नाही, असा आपला अलिखित कायदा आहे. 1995 च्या सप्टेंबरात 'रंगीला' हा चित्रपट लागला, त्याच महिन्यात आशा भोसले यांनी बासष्टी पूर्ण केली. त्यातली नायिका उर्मिला हिच्यासाठी गायलेली गाणी ऐकून सगळीकडून एकच दाद आली, की हा आवाज बासष्टीचा वाटतच नाही. दाद मनापासूनची होती, आशाताईंच्या कौशल्याला ती शोभतेही. पण वय न कळणं हीच पदवी ठरली, तर वय कळू देणाऱ्या गायिकेला आपण काय देणार? उलट उदाहरण दहाएक वर्षांनी आलं. जानेवारी 2006 मधल्या 'रंग दे बसंती'त ए. आर. रहमानने 76 वर्षांच्या लता मंगेशकरांना मुलाला शोधणाऱ्या आईचा आवाज दिला. तिथे तो थकवा, ती किंचित सुटलेली स्वराची कड, हाच गाण्याचा मजकूर आहे. त्याआधी 2004 मध्ये 'वीर-झारा'त त्याच आवाजाला तरुण नायिकेसाठी गावं लागलं होतं. तेव्हा आवाज उतरल्याची जी कुरकुर झाली, तिच्यामागची बरीचशी चूक माझ्या मते आवाज कुठे ठेवला याची होती. रहमानने तो योग्य जागी ठेवला आणि तीच कुरकुर करणारे गप्प झाले.

आता अलीकडचं एक मोठं उदाहरण. स्वीडनचा अ‍ॅबा हा चौघांचा गट. 1981 च्या 'द व्हिजिटर्स'नंतर त्यांचा नवा आल्बम आला तो थेट 5 नोव्हेंबर 2021 ला, 'व्हॉयेज'. मध्ये चाळीस वर्षं. गाणारी आग्नेथा 71 वर्षांची, फ्रिडा पंचाहत्तरी पार केलेली, आणि दोघींचे स्वर खाली आलेले. गटातले संगीतकार बेनी आणि ब्यॉर्न यांनी ते लपवण्याचा फार प्रयत्न केला नाही. लोर्नाला जे मिळालं नाही ते इथे होतं, माप घेणारे शिंपी तेच. इंग्लंडात आल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत दुसऱ्या. समीक्षक मात्र दोन बाजूंना विभागले. एका बाजूला हे काळाच्या मागचं संगीत वाटलं, दुसऱ्या बाजूला हाच त्याचा मान वाटला. गंमत पुढची. मे 2022 मध्ये लंडनमध्ये खास बांधलेल्या प्रेक्षागृहात त्यांचा प्रयोग सुरू झाला, आणि रंगमंचावर आल्या त्या संगणकाने घडवलेल्या 1979 च्या सुमाराच्या तरुण आकृत्या. सत्तरीचा आवाज आल्बममध्ये, तिशीचं शरीर मंचावर. एकाच गटाने श्रोत्याच्या दोन्ही मागण्या दोन वेगळ्या खिडक्यांवर पुरवल्या. मला त्यात धंद्याच्या चलाखीपेक्षा एक कबुली दिसते. श्रोत्याला नवं आणि जुनं एकाच माणसात पचत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे. कोणी म्हणेल, आठवणींनी आनंद मिळत असेल तर बिघडलं काय? गाणं लग्नात नाचायला असतं, परीक्षेला बसायला नव्हे. बिघडत काही नाही, फक्त किंमत मोजावी लागते, आणि ती श्रोता नाही, कलावंत मोजतो. जुन्याचीच मागणी राहिली की निर्माता नवं मागत नाही. तीच गाणी नव्या संचात, नव्या कव्हरात, नव्या आवाजात येत राहतात, आणि आपण त्याला जतन म्हणतो. कोकणी पॉपच्या बाबतीत हे जेवढं खरं, तेवढंच आपल्या नाट्यसंगीताच्या बाबतीतही. गावोगावच्या कार्यक्रमांत आजही 'मत्स्यगंधा'च्या काळातली पदं मागितली जातात. त्या पदांचा गोडवा मला मान्य आहे. पण त्याच अभिषेकींनी 1964 मध्ये जुन्या पदांना धक्का दिला नसता, तर मागायला ही पदं तरी असती का?

म्हणून 'हॅलो लोर्ना' ऐकायची तर एक साधी युक्ती करून बघा. आधी जुनं काही ऐकू नका. शक्य असेल तर नाव न बघता ऐका. पन्नाशीला टेकलेली एक अनोळखी बाई कोकणीत गाते आहे, एवढंच धरून चला. आवडेल की नाही हे मी सांगणार नाही, कारण सगळी गाणी आवडावीत असा माझा आग्रहच नाही. पण जे नावडेल ते गाण्यातलं असेल, आठवणीतलं नसेल.

आता गोव्याच्याच आणखी एका आवाजाचा मुद्दा उरतो, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधातला आहे. फोंड्याच्या केरीच्या केसरबाई केरकर यांनी 1964 च्या सुमाराला मैफलीत गाणं थांबवलं. आवाज पूर्वीसारखा राहिला नाही तर तो लोकांपुढे नेऊ नये, अशी त्यांची करडी शिस्त. कलावंतानेच हा निर्णय घेतला तर आपण कोण बोलणार? मान्य. 1977 साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तीत त्यांची भैरवी आहे, कित्येक वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित झालेली, पूर्ण भरातली. त्याच वर्षी सप्टेंबरात, यानं निघून गेल्यावर थोड्याच दिवसांत, केसरबाई गेल्या. तो आवाज आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला आहे. गाणं थांबवल्यानंतरच्या केसरबाईंची भैरवी मात्र केरीच्या देवळातसुद्धा कोणाला मैफल म्हणून ऐकायला मिळाली नाही, आणि ती कशी असती याचा अंदाज बांधायलाही आपल्याकडे काही नाही. लोर्नाची निदान एक कॅसेट आहे.